विस्तव कुणाच्या घरून आणायचा?

घणसोलीतल्या आमच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, माझ्या दारासमोर, एक आजी एकट्या राहायच्या. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा साडेपाच वाजले असतील. आम्हाला कळलं ते दुपारी बाराच्या पुढे. तोवर त्यांच्या दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत अर्धा लिटर दूध तसंच होतं. मजल्यावर चार घरं आहेत. सकाळी शाळेची मुलं, त्यांना सोडायला जाणारे आईबाप, ऑफिसवाले अशी आठ-दहा माणसं त्या पिशवीवरून गेली. मी स्वतः पावणेनऊला तिथे उभी होते. लिफ्ट यायला वेळ लागला, म्हणून माझी नजर त्या पिशवीवर गेलीही होती. दूध दिसलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

तो अर्थ कळला जिना पुसणाऱ्या मावशींना. त्यांनी आधी दार वाजवलं, मग खाली जाऊन वॉचमनला म्हणाल्या, "आजी साडेसातला दूध आत घेतात. आज पिशवी तशीच हाये. वर चला." वॉचमनने आधी इंटरकॉम लावून पाहिला, मग सेक्रेटरींना फोन केला, मग किल्लीवाला शोधला. आजी वाचल्या, आता पुण्याला मुलीकडे आहेत. याच मावशींना आमच्या इमारतीत रहिवाशांच्या लिफ्टने जाता येत नाही. सफाईच्या आणि घरकामाच्या बायकांनी सामानाच्या लिफ्टनेच जायचं, असा कागद तळमजल्यावर चिकटवलेला आहे.

त्या दिवशी संध्याकाळी जो तो एकच वाक्य बोलत होता: "हल्ली माणुसकी राहिली नाही." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. कारण त्याच संध्याकाळी अकरा घरांतून डबा द्यायची तयारी आली. दोघांनी रात्री दवाखान्यात थांबतो म्हणून सांगितलं, आणि एका मुलाने दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सगळे कागद केले. माणसं वाईट असती तर हे झालं नसतं. माया होती, पण ती सात तास उशिरा पोचली. तिला वेळेवर पोचायला वाट ठेवलेली नव्हती. ही वाट कोण ठेवतं आणि कोण बुजवतं, हा प्रश्न स्वभावाचा नाही. तो इमारतीच्या नकाशाचा, सोसायटीच्या नियमांचा, म्हणजे सार्वजनिक प्रश्न आहे. नवी मुंबईत जुन्या वसाहती पाडून टॉवर उभे राहत असताना तो आत्ताच विचारायला हवा.

माझ्या आत्याला महाबळेश्वरात दिलेली. चौथीत असताना आईच्या बाळंतपणामुळे मला तिच्याकडे धाडलं आणि मी एक अख्खा पावसाळा तिथे काढला. पर्यटकांना ठाऊक असतं ते ऑक्टोबर ते मे महिन्यांतलं महाबळेश्वर. पावसाळ्यातलं गाव वेगळंच. तेराशे मीटरच्या वरचं पठार, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पावसाच्या अंगाच्या भिंती गवताचे आडोसे लावून झाकलेल्या, त्यामुळे घरात भर दुपारी दिवा. समोरचं घर धुक्यात नाहीसं व्हायचं. कपडे वाळायचेच नाहीत. मग शेगडीवर बांबूचं डालगं उपडं घालायचं आणि त्यावर ओले कपडे पसरायचे. खालून कोळशाची धग. शाळेचा गणवेश अंगात घातला की दिवसभर धुराचा वास यायचा.

कोळसा आणि सुकी लाकडं दोन्ही जपून वापरायची चीज. आत्याच्या आणि शेजारच्या मिळून चार घरांत सकाळी ज्याची चूल आधी पेटेल त्याच्याकडून बाकीच्यांनी विस्तव न्यायचा, असं चालायचं. हे काम पोरांचं. मी फुटक्या मडक्याची खापरी घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहायचे. काकू चिमट्याने दोन निखारे उचलून खापरीत ठेवायच्या, वर चिमूटभर राख टाकायच्या आणि विचारायच्या, "आत्याचा खोकला बसला का?" परत आले की आत्या विचारायची, "त्यांच्याकडे भाकऱ्या झाल्या का? म्हातारं उठलं का?" विस्तव आणायला गेलेलं पोर घर बघून यायचं. रोज सकाळी चारही घरांची खबर चारही घरांत पोचलेली असायची, आणि ती काढायला कुणाला वेगळे कष्ट पडत नव्हते.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आत्याचं आणि त्या काकूंचं मुळीच पटत नव्हतं. पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावरून दोघींत जुनं भांडण होतं, आणि मी होते त्या दिवसांत तर दोघी बोलतही नव्हत्या. विस्तव मात्र एक दिवस थांबला नाही. पोरं नेत होती, आणत होती, खोकल्याची चौकशी होत होती. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला, घाटात दरडी आल्या, रस्ते तुटले. तेव्हा आत्याचा फोन दोन दिवस लागेना. तिसऱ्या दिवशी लागला तर ती सुखरूप होती, आणि होती त्याच काकूंच्या घरी. आत्याच्या घरात पाणी शिरलं होतं. पन्हळीचं भांडण तेव्हाही मिटलेलं नव्हतं.

डोंगरातल्या माणसांचा जीव मोठा असतो, असं आपण सहज म्हणतो. मला वाटतं, तिथे एकमेकांवाचून चालत नव्हतं, आणि ही गरज भागवायची रीत ठरलेली होती. आमचं मूळ गाव जावळीच्या डोंगरात. तिथे इर्जिक होती: एकाच्या शेताची नांगरट सगळ्यांनी मिळून करायची, त्या दिवशीचं जेवण त्या घरचं. पैरा होता: तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची नांगरट, आणि दिवस मोजून फेडायचे. हिशेब चोख असायचा. उपकाराची भाषा नव्हती, म्हणून मागताना मान खाली जात नव्हती. आज आपण समोरच्या घरी वाटीभर साखर मागायला दहा वेळा विचार करतो, कारण मागण्याची रीतच उरलेली नाही. रीत नसली की मागणं लाचारी वाटतं आणि विचारणं आगाऊपणा.

हीच रीत सातारच्या डोंगरातून मुंबईच्या धक्क्यांवर आली. माझे वडील माथाडी. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना नोंदणी मिळाली, पगाराची आणि निधीची हमी मिळाली, त्यांच्यातले एक. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार मुंबईतून इकडे नवी मुंबईत हलला, पुढे बाकीचे बाजार आले, आणि त्यांच्यामागे माथाडीही खाडी ओलांडून आले. बाजारात ते टोळीने काम करतात. टोळीची मजुरी टोळीत वाटली जाते, म्हणून कुणाची पाठ धरली तर बाकीचे त्याच्या वाटणीच्या गोणी उचलतात. जावळीतला पैराच तो, फक्त बैलांच्या जागी पाठी आल्या.

कोपरखैरण्यात आम्हाला मिळालेलं घर बैठं होतं. पुढे ज्याने त्याने जमेल तसे मजले चढवले, गल्ल्या अरुंद झाल्या, ऊन खाली येईनासं झालं. पण दारापुढचा ओटा राहिला. चार फूट लांब, दीड फूट उंच, वर काळी फरशी. पहाटे बाजारातून परतलेले वडील तिथे बसून पाय धुवायचे. दुपारी आई भाजी निवडायची, संध्याकाळी आम्ही अभ्यास करायचो. ओट्यावर बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा काहीतरी बोलतोच. मे २०२० मध्ये करोनामुळे बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि आमच्या गल्लीला बांबू लागले. तेव्हा कुणाच्या घरात रेशन आहे आणि कुणाच्या घरात नाही याची यादी करावी लागली नाही, ती गल्लीला तोंडपाठ होती. आईला ताप आला त्या आठ दिवसांत सकाळ-संध्याकाळ ओट्यावर झाकलेलं ताट येत होतं. कुणी ठेवलं हे पुढे ताटावरच्या नावावरून कळायचं.

ही गल्ली मी स्वतःच्या इच्छेने सोडली. ते का, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं खोटेपणाचं होईल. नोकरीला लागल्यावर मी रात्री नऊला घरी यायचे, तेव्हा प्रत्येक ओट्यावरून एक नजर माझ्या मागे यायची. माझ्या लग्नाचा विषय माझ्या कानावर यायच्या आधी गल्लीत बोलून झाला होता. ज्या डोळ्यांनी घरातलं आजारपण दिसायचं, तेच डोळे मुलीच्या येण्याजाण्याची वेळ मोजायचे. आणि गावात यापेक्षा वाईट पाहिलं आहे. एका घराने भावकीचा निर्णय मानला नाही, म्हणून त्यांच्याशी बोलणं बंद झालं, लग्नाची अक्षत बंद झाली, विस्तव बंद झाला. गावाची एकजूट किती निर्दय होऊ शकते हे महाराष्ट्राने इतकं पाहिलं, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याही आधीची गोष्ट आहेच. महाबळेश्वरचा आंबेनळी घाट उतरलात की पोलादपूर, आणि तिथून पुढे महाड. त्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, तेव्हा कुठे तळं सगळ्यांचं असल्याचं जगाला दिसलं. डोंगरातल्या मायेची गोष्ट सांगणाऱ्याने हे तळं वगळून पुढे जाऊ नये. जिथे विस्तव मिळत होता, तिथे तो सगळ्यांना मिळत नव्हता.

म्हणून "जुनी चाळ बरी होती" हे म्हणणं मला मान्य नाही. दार लावून घेता येणं हे माझ्यासारख्या कित्येक बायकांना पहिल्यांदा मिळालेलं स्वातंत्र्य आहे, ते मी परत देणार नाही. पण दार लावून घेण्याचा हक्क आणि दाराबाहेर कुणीही नसणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याला पहिली हवी होती. बिल्डरने दुसरी तिच्याबरोबर बांधून दिली आणि आपण ती सोय समजून घेतली.

आमच्या मजल्याचा पॅसेज पाहा. वीस फूट लांब, साडेचार फूट रुंद, एकही खिडकी नाही. दिवा हालचालीवर चालतो, तुम्ही थांबलात की विझतो. बसायला जागा नाही, चपलांचा स्टँड ठेवला तर दंड. गाडी पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर लागते, तिथून लिफ्ट थेट मजल्यावर. तळमजल्यावरून पायी जाणारं कुणी नसल्याने तळमजल्यावर कुणी भेटत नाही. पाहुणा आला तर फोनवर नाव झळकतं, परवानगी दिली की तो वर येतो. या सगळ्यात वाईट असं काही नाही, सुरक्षेची गरज खरीच आहे. पण सगळी रचना एकाच हेतूने झाली आहे: कुणाला कुणाची अडचण होऊ नये. आत्याच्या चार घरांत रोज सकाळी एकमेकांची अडचण होत होती, आणि खोकल्याची चौकशी त्या अडचणीतूनच येत होती.

यापेक्षा वेगळं बांधता येतं, आणि त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. सीबीडी बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ही वसाहत १९८० च्या दशकात आखली. नवी मुंबईची कल्पना ज्या तिघांनी १९६० च्या दशकात मांडली, त्यांतले ते एक. बाकी दोघे म्हणजे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. कोरियांनी इथे सात-सात घरांचे गट केले आणि प्रत्येक गटाच्या मधोमध एक अंगण सोडलं, साधारण आठ मीटर लांब आणि तितकंच रुंद. असे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपलं घर आपल्या ऐपतीने वाढवता यावं. म्हणजे दार तुमचं, भिंत तुमची, आणि अंगण सातांचं. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून लोकांनी मोठी घरं बांधली आहेत. तरी गेल्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर तिथे फिरताना एका अंगणात मी तासभर बसले. मधल्या झाडाखाली दोन आजोबा पेपर वाचत होते आणि तीन-चार मुलं सायकल फिरवत होती. एका घरातून हाक आली, "आजोबा, गोळी घेतली का?" हाक मारणारी त्यांची सून नव्हती, समोरच्या घरातली बाई होती.

हे अंगण तिथल्या रहिवाशांच्या चांगुलपणातून उगवलेलं नाही, कुणीतरी कागदावर आखून ठेवलं म्हणून ते आहे. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, सगळीकडे पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. तिथे काय बोललं जातं ते मी ऐकते. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, किती वाढणार, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी, किती, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग एक की दोन. हे विचारायलाच हवं, आयुष्यभराच्या कमाईचं घर आहे. पण दाराबाहेरच्या जागेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण ती कुणाच्याही कार्पेटमध्ये धरली जात नाही. जी जागा कुणाच्या नावावर नाही, तिच्यासाठी कोण भांडणार?

माझं म्हणणं, आपण भांडावं. प्रत्येक मजल्यावर उजेड आणि वारा येईल असा एक कोपरा मागावा, त्यात दोन-चार माणसं बसतील असा कट्टा. आठ घरांच्या मजल्यावर चाळीस चौरस फूट जागा लागली तर घरटी पाच चौरस फूट झाली, म्हणजे एका कपाटाएवढी. इमारतीची मोकळी जागा पोडियमवर गाड्यांशेजारी न देता शक्य तिथे जमिनीवर, येण्याजाण्याच्या वाटेवर द्यावी. महापालिका आणि सिडको नकाशा मंजूर करताना पार्किंगचा हिशेब घरागणिक मागतात. बसायच्या जागेचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मागायला हवा. लोकप्रतिनिधींनी वॉर्डात बाकडी टाकून त्यावर नाव रंगवण्यापेक्षा हे नियमात आणलं, तर मी त्यांची ऋणी राहीन.

आणि ज्या इमारती उभ्या राहून गेल्या, तिथे रीत तरी नव्याने घालता येते. आमच्या मजल्यावर आम्ही एकच गोष्ट सुरू केली आहे: प्रत्येक घराची एक किल्ली दुसऱ्या एका घरात. कुणाची कुणाकडे हे ज्याने त्याने ठरवायचं, न देण्याची मुभाही आहे. एका घराने दिलेली नाही आणि त्यांच्याशी आमचं वागणं तसूभर बदललेलं नाही. याला मी फार महत्त्व देते, कारण नकाराची शिक्षा सुरू झाली की शेजार पुन्हा भावकी होतो. बाकीच्यांनी सकाळी निघताना समोरच्या कडीकडे पाहायचं, दूध आत गेलं आहे ना. आठवड्यात ही सवय अंगवळणी पडली.

लिफ्टच्या कागदाबद्दल मात्र मला यश आलेलं नाही. सोसायटीच्या सभेत मी तो विषय मांडला. "स्वच्छतेचा प्रश्न आहे," असं उत्तर मिळालं. ज्या बाईने आमच्या मजल्यावर एक जीव वाचवला, तिच्या अंगाला कसली अस्वच्छता लागलेली असते, हे मी तीनदा विचारलं. मतदान झालं, कागद राहिला. महाडचं तळं मला त्या दिवशी आठवलं होतं. शेजारधर्माच्या गप्पा मारताना शेजारी कोण हे आधी ठरवावं लागतं. जी व्यक्ती रोज आठ तास आपल्या दारासमोर असते, आजी किती वाजता दूध घ्यायच्या हे जिला माहीत होतं, ती आपली शेजारीण नसेल तर दुसरं कोण? पुढच्या सभेत मी तो विषय पुन्हा घेणार आहे. या वेळी माझ्याबरोबर आणखी सहा घरांच्या सह्या आहेत.

इकडे कोपरखैरण्यात वडिलांच्या गल्लीतही पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. परवा समाजमंदिरात पडद्यावर नकाशा दाखवला. वडील आता बहात्तरीचे आहेत, कंबर वाकली आहे. सगळ्यांचे कार्पेटचे प्रश्न संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "साहेब, ओटा कुठं धरलाय?" आर्किटेक्ट चांगला मुलगा होता, हसला नाही. त्याने नकाशा पुन्हा नीट पाहिला आणि म्हणाला, "काका, तसं काही धरलेलं नाही. माप द्या, बघतो."

काल मी गेले तेव्हा वडील टेप घेऊन ओट्यापाशी उकिडवे बसले होते. शेजारचे दादा टेपचं दुसरं टोक धरून होते. लांबी चार फूट, उंची दीड फूट, रुंदी एक फूट दहा इंच. बाजारातल्या जुन्या पावतीच्या मागे त्यांनी ते पेन्सिलीने लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ घातली: "कड गोल ठेवणे. म्हाताऱ्या माणसाला मांडीला लागते."